भिंतीवरचा हात

नातवंडांनो, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत साठेभावजी फिरायला निघाले की त्यांचा हात कंपाउंडच्या भिंतीवरून घासत जाई. विचारलं तर म्हणत, "वहिनी, हात फिरवल्याशिवाय भिंत कळत नाही." दीपगृह खात्यातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे गृहस्थ. असेल एक लकब, असं मी धरून चालले होते.

गेल्या हिवाळ्यात ते आम्हा सहा शेजाऱ्यांना एका दूरच्या बेटावर घेऊन गेले. तिथल्या बंदरगावी त्यांची पहिली नेमणूक होती. कस्टम हाऊस, गोदामं, जुनी विहीर. प्रत्येक भिंतीला हात लावून ते तिची हकिकत सांगत. "गाव रमतगमत बघायचं." माझ्या कागदावर मात्र शेवटची लाँच चारची होती.

तीन वाजता तीच विहीर पुन्हा आली. तुमचे आजोबा म्हणाले, "साठे, या चालीनं द्वारका गाठायला होळी उजाडेल." सगळे हसले. भावजी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, दीपगृहाचा पांढरा मनोरा कुठल्या हाताला आहे?"

मनोरा अगदी समोर होता.

"दोन वर्षं झाली. नुसता उजेड कळतो," ते म्हणाले. "मुलाला कळलं तर माझ्या घराला कुलूप लागेल. बोलू नका."

मी शेजारून चालत राहिले. "डावीकडची कमान बघा किती सुंदर," असं म्हणत वळणं सांगत गेले. पण धक्क्यावर भिंत नव्हती. ओहोटी लागलेली, पायऱ्या उघड्या, शेवाळलेल्या, कठडा नाही. सगळे उतरले. भावजी वरच उभे. "बाबूजी, जल्दी करो," लाँचवाला ओरडला. आजोबांनी खालून हात पुढे केला. "मी इथे तीन वर्षं चढउतार केलीय," भावजी म्हणाले आणि हलले नाहीत.

मी पुन्हा वर गेले. "भावजी, मला शेवाळाची भीती वाटते. जरा हात देता?"

ते ताठ झाले. हात दिला. पायऱ्या मोजत आम्ही उतरलो. "ही तुटलीय, मी लांब पाऊल टाकते हं," मी म्हणाले. त्यांनीही टाकलं.

लाँच सुटल्यावर त्यांनी विचारलं, "भीती खोटी होती ना?"

"नाही," मी म्हणाले. आणि ते खरंच होतं.

यंदा पावसाळ्यात ते गेले, स्वतःच्या घरात. मुलानं विचारलं, "काकू, बाबांना नीट दिसत होतं ना?" मी त्याला कंपाउंडपाशी नेलं. भिंतीवर कमरेच्या उंचीला एक गुळगुळीत पट्टा आहे. त्यावर मी त्याचा हात ठेवला.