साहेबांचा पूर्वज आणि सावंतचा पासपोर्ट

बहारीनमधल्या सित्र्यातल्या आमच्या ऑफिसात धूळ आणि किस्से, दोन्ही रोज साचायचे. धूळ फडक्याने जायची. किस्से मात्र चहाला बसलो की आपोआप बाहेर पडतात, माझा इलाज नाही!

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमचे मॅनेजर मॅक्रे साहेब अमेरिकन, पण स्वतःला स्कॉटिश म्हणवायचे! अमेरिकेत इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा त्यांचा कोणी अँगस नावाचा पूर्वज स्कॉटलंडहून तिथे गेला. तो नेमका कोण, हे शोधायचा साहेबांना भारी नाद. तिकडे त्यांची बहीण जुनी दप्तरं उपसायची आणि सापडेल ते आम्हाला फॅक्स करायची. एकदा कुणा भलत्याच मॅक्रेंची अख्खी वंशावळ आली आणि फॅक्सचा रोल खलास! रिफायनरीची ऑर्डर अडकली.

साहेब म्हणाले, "ऑर्डर उद्याही येईल. अँगस एकदाच येतो!"

*

एकदा मलाच विचारलं, "कांबळे, तुझी वंशावळ किती मागे जाते?"

म्हटलं, "मागे नाही साहेब, पुढे जाते. मुलगी इंजिनिअरिंगला आहे!"

*

अँगस सरदार होता, असं साहेब छातीठोक सांगायचे. मग आला त्याचा करार. जहाजाचं भाडं मालकाने भरलेलं. बदल्यात अँगसने काही वर्षं त्याच्याकडे राबायचं, परवानगीशिवाय कुठे जायचं नाही. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "साहेब, हा तर आपला व्हिसा!"

पुढे आठवडाभर साहेब माझ्याशी तुटक वागले.

*

आमचा ड्रायव्हर सावंत कुडाळचा. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं आणि पासपोर्ट साहेबांच्या कपाटात. आम्हा सगळ्यांचेच तिथे असायचे म्हणा. तो रोज रजा मागायचा. रिफायनरी दुरुस्तीसाठी बंद, म्हणून साहेबांचं एकच, "शटडाऊन संपू दे." आणि शटडाऊन संपणार लग्नानंतर! घरून फोन आला की "येतंय, इंशाल्ला येतंय" म्हणायचा आणि रिसीव्हर ठेवून डोळे पुसायचा. मला बघवायचं नाही.

*

करारानंतर अँगस गायब! ना जमिनीच्या कागदांत, ना चर्चच्या. साहेब डोकं धरून बसलेले. सावंतने डब्याखालचा पेपर पुढे सरकवला. त्यात नेहमीसारखे फोटो होते: हा कामगार पळाला आहे, दिसल्यास कंपनीला कळवा.

"साब, भाग गया होगा. पेपर में देखो."

साहेब भडकले. "मॅक्रे पळत नसतात!"

पण संध्याकाळी बहिणीला फोन लावलाच.

*

आणि एका सकाळी साहेब केबिनमधून नाचत बाहेर आले! हातात फॅक्स. तिकडच्या जुन्या पेपरातली जाहिरात: अँगस मॅक्रे, तांबडे केस, गालावर व्रण, मालकाकडून पळाला आहे, पकडून आणणाऱ्यास बक्षीस. मालकाचं नाव करारातलंच!

"मिळाला! आमचा अँगस मिळाला!"

आम्ही टाळ्या पिटल्या. मनाम्याहून पेढे आणवले. साहेबांनी स्वतः वाटले.

"फक्त का पळाला, तेवढं लिहिलेलं नाही," साहेब म्हणाले.

सावंत पेढा हातात धरून उभा होता.

"साब, घर में शादी होगी."

साहेबांनी एकदा फॅक्सकडे पाहिलं, एकदा सावंतकडे. मग खिशातून किल्ली काढली आणि कपाट उघडलं.

पासपोर्ट छातीशी धरून सावंत दारापर्यंत गेला आणि वळला.

"साब, पेपर में मेरा फोटो मत देना!"