पाठ झालेला रस्ता

मंगळवार, दिवाळीला आठवडा राहिलेला. मी खिडकीचे गज पुसत होते. तेवढ्यात खालच्या गतिरोधकावर एक स्कूटर उडाली आणि मागे बसलेली बाई रस्त्यावर पडली. कोपर सोलवटलं, बाकी निभावलं.

हा गतिरोधक आमच्या गल्लीनेच केलेला. समोरच्या काकांच्या स्लॅबचं काँक्रीट उरलं, ते सगळ्यांनी मिळून रस्त्यावर थापलं.

"वेगात येतात, मग आपटतात," काका गॅलरीतून म्हणाले.

"हळूच येत होते हो. त्यांना उंचवटा दिसलाच नाही."

"आपल्याला बरा दिसतो!"

"आपल्याला तो पाठ आहे, काका."

फुटपाथवरची डुगडुगणारी फरशी, वर आलेलं गटाराचं झाकण, सगळंच आम्हाला पाठ आहे. पाय आपोआप वळतात, म्हणून तक्रारही कुणी करत नाही. परक्या माणसाजवळ मात्र फक्त डोळे असतात. रस्ता नीट आहे की नाही, हे आम्हाला विचारून कळायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पांढरा ऑइलपेंट आणला आणि गतिरोधकावर जाड पट्टे ओढले. काका काठी आडवी धरून गाड्या अडवत होते. "थांबा जरा, अजून वाळायचंय!"