बाळूच्या गावाचं दार कुणी उघडलं?

चार माणसं रोज एकाच गाडीतनं बेळगाव ते निपाणी जाय-यायला लागली, की सीटखाली जशी शेंगदाण्याची टरफलं साठतात तसे किस्से साठतात. कुणी मुद्दाम टाकत नाही, पण झाडायला घेतलं की ढीग निघतो! आमच्या गाडीतले निम्मे किस्से सांगण्यासारखे नाहीत. उरलेल्यातले थोडे सांगतो.

गाडी परशरामअण्णांची. अण्णा हिंडलग्याचे, घरची शेती, आणि निपाणीत आम्ही ज्या ज्युनिअर कॉलेजात शिकवतो तिथं गणिताचे सर. बाकी आम्ही तिघं. केमिस्ट्रीचे कांबळे सर, इंग्लिश शिकवणारी ज्योती, आणि मी इतिहासवाला. ज्योती उचगावची, आमच्यात सगळ्यात लहान. पुढची सीट तिची. अण्णा तिला लेकीसारखं वागवायचे. घरातनं निघताना तिच्यासाठी चटणीची वेगळी डबी घ्यायचे.

अण्णांचा स्वभाव आधी सांगितला पाहिजे. संशय! पेट्रोल पंपावर गाडी थांबली की अण्णा खाली उतरून मीटरसमोर जाऊन उभे राहतात. एकदा पंपावरचा माणूस हसत म्हणाला, "अण्णा, शून्य बघा."

अण्णा वाकून बघत म्हणाले, "शून्य दिसतंय रं. पण ते खरं हाय कशावरनं?"

तो माणूस अजून आमची गाडी दिसली की चहा प्यायला जातो.

* * *

पण गेल्या जूनपासून ह्या संशयाला धार आली, त्याला कारण होतं.

अण्णा संध्याकाळी घरच्या सोप्यात, पुढच्या ओसरीत, पोरांना गणित शिकवायचे. गावातली पोरं, दहावी-बारावीची. आमच्या कॉलेजात घरी क्लास घ्यायला बंदी. अण्णांनी ही गोष्ट फक्त गाडीत सांगितलेली. तीही खुशीत, एका पोराला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली त्या दिवशी.

आठवड्याभरात प्रिन्सिपलनी अण्णांना बोलावलं. "पाटील सर, घरी वर्ग चालतो म्हणे तुमचा?"

क्लास बंद झाला. पोरं महिनाभर सोप्यासमोर सायकली लावून परत जात होती, हे अण्णांना फार लागलं. प्रिन्सिपलनी बोलावलं त्या दिवशी परत येताना अण्णांनी आमच्या एकेकाकडं बघितलं. मग म्हणाले, "गाडीत चारजण. मला सोडलं तर उरलं तीन."

गणिताचा माणूस. वजाबाकी बरोबरच होती!

* * *

त्याच दिवसांत कांबळे सर कानात इअरफोन घालून बसायला लागले. मोबाईल मांडीवर, नजर खाली. मधेच मान हलवायचे, मधेच डोळे पुसायचे.

चार-पाच दिवस अण्णांनी सोसलं. सहाव्या दिवशी काकतीच्या पुढं गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला.

"सर, कुणाचं ऐकायलासा?"

"अण्णा, कुणाचं म्हंजे?"

"प्रिन्सिपलचा फोन हाय का?"

कांबळे सरांनी निमूटपणे इअरफोनची वायर काढली. गाडीभर तलवारींचा खणखणाट आणि एका पोराची जपानीतली आरोळी घुमली! सरांच्या मुलीनं त्यांना एक ॲनिमे बघायला लावलेलं. सर लाजत म्हणाले, "मी कार्टून म्हणालो तर दोन दिवस बोलली नाही माझ्याशी."

अण्णा गाडी सुरू करत म्हणाले, "इअरफोन नको. जे काय ऐकायचं ते सगळ्यांच्या समोर ऐका."

असं आमच्या गाडीत ॲनिमे सुरू झालं. हौसेनं नव्हे, चौकशीतनं!

* * *

गोष्ट अशी. डोंगरातलं एक गाव. भोवती तट, तटाला एकच दार. धुराचा एक राजा असतो, त्याची सेना कितीही आली तरी ते दार फुटत नाही. एके दिवशी कुणीतरी आतनं दार उघडतं. गाव जळतं. एकटा एक पोरगा वाचतो. तो तलवार घेऊन निघतो, राजाला मारायला, आणि दार कुणी उघडलं ते शोधायला.

पोराचं नाव आम्हा कुणालाच नीट म्हणता येईना. अण्णा म्हणाले, "बाळू म्हणा." झालं, बाळू!

बाळूच्या बरोबर तिघंजण. एक धनुष्यवाला, एक तोंडावर मुखवटा घातलेला, आणि जखमांना पाला लावणारी, सगळ्यांचा स्वयंपाक करणारी एक म्हातारी. तिघंही त्याच गावचे. हल्ल्याच्या दिवशी बाहेर होतो, असं तिघंही सांगतात. बाळूचा तिघांवर संशय. झोपताना पाठ दगडाला लावून झोपणार. म्हातारीनं आधी घास खाल्ल्याशिवाय आपण खाणार नाही.

पहिला भाग संपल्यावर अण्णा म्हणाले, "पोरगं शहाणं हाय."

* * *

अडचण एवढीच की अण्णा गाडी चालवणार. बघणार कसे? म्हणून ज्योती मोबाईल हातात धरून, इंग्लिश सबटायटल वाचून मराठीत सांगायची. चित्रात काय चाललंय तेही सांगायची. आम्ही दोघं मागनं माना लांब करून बघायचो.

एकदा बाळू कड्यावर उभा राहून अर्धा मिनिट ओरडला. घसा बसेपर्यंत.

ज्योती म्हणाली, "'नको' म्हणाला."

अण्णांनी गाडीचा वेग कमी केला. "एवढं लांब बोलला त्यो. आणि नुसतं 'नको'?"

"खाली तेवढंच लिहिलंय अण्णा."

"ज्योती, तू गाळाय लागलीस."

शेवटी कांबळे सरांना पुढं वाकून साक्ष द्यावी लागली. त्यावर अण्णा म्हणाले, "तुमची साक्ष? मग तर झालंच!"

* * *

गाडीत नियम झालेला. घरी पुढचा भाग कुणी बघायचा नाही. नियम अण्णांचा, पहारा अण्णांचा.

एका सकाळी बाळू नदी उतरत होता. सगळं शांत. आणि कांबळे सरांनी उसासा टाकला. पुढच्याच क्षणी पाण्यातनं बाण आला!

"सर!" अण्णा गरजले. "उसासा आधी, बाण मागनं! बघितलायसा तुम्ही!"

"अहो अण्णा, ॲसिडिटी झालीय."

अण्णांनी हत्तरगीला गाडी थांबवून मेडिकलमधनं गोळी आणली. सरांनी ती घेतली का, हे वळून बघितलं. मग म्हणाले, "परत उसासा आला तर मात्र ॲसिडिटी न्हाय."

* * *

एका रविवारी मी हिंडलग्याला अण्णांच्या घरी गेलतो. अण्णा शेतात. वहिनींनी चहा ठेवला, आत-बाहेर बघितलं आणि हळूच विचारलं, "भावजी, त्या बाळूचं काय झालं वो पुढं?"

मला हसू आलं. अण्णा रोज जेवताना घरात सांगत होते तर!

वहिनी म्हणाल्या, "म्हातारीच हाय ती. मला पयल्यापासनं वाटतंय. लई गोड बोलती."

"पण वहिनी, जीव लावून खायला घालती ती त्याला."

"म्हणूनच की!"

सोमवारी अण्णांनी हे मत आपलं म्हणून गाडीत मांडलं. तावातावानं. टोलजवळ गाड्यांची रांग, काचा खाली. अण्णा ओरडत होते, "त्या म्हातारीला संपवायलाच पायजे! त्याशिवाय न्हाय सुटायचं हे!"

खिडकीत पोलीस उभा. "यारन्न मुगसतीरी?" म्हणजे, कुणाला संपवणार?

अण्णांना कन्नड उत्तम येतं, पण त्या क्षणी एकच शब्द आठवला. "बाळू," म्हणाले.

झालं! आम्हाला खाली उतरवलं. डिकी उघडायला लावली. आत चार डबे, एक छत्री आणि तपासायचे पेपर. ज्योतीनं घाबरत मोबाईल दाखवला. पोलिसानं तो हातात घेतला, बघितला, बराच वेळ बघितला. मग परत देताना हलक्या आवाजात, मराठीत म्हणाला, "म्हातारी न्हाय वो. धनुष्यवाला. माझा पोरगा सांगत होता."

गाडी सुटली. संकेश्वर आल्यावर अण्णा म्हणाले, "पोलीस असून पुरावा मात्र काय दिला न्हाय त्यानं."

* * *

ह्या सगळ्यात हसू होतं, पण क्लासचं दुखणं आतनं ठणकत होतं. एका संध्याकाळी ते फुटलं.

भागात मुखवटेवाला रात्रीचा छावणीतनं गुपचूप बाहेर जाताना दिसला. अण्णा म्हणाले, "असंच असतंय. गप्प बसणारा माणूस." आणि मग रस्त्यावरची नजर न काढता, "कांबळे सर, जूनमध्ये तुम्ही प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये गेलतासा. दार लावून बोललासा. मी बघितलंय."

ज्योतीनं मोबाईल बंद केला.

कांबळे सर म्हणाले, "आई दवाखान्यात होती अण्णा. रजा मागायला गेलतो. सगळ्यांसमोर मला बोलता आलं नसतं."

बेळगाव आलं. सर उतरताना म्हणाले, "उद्यापासून मी बसनं येतो."

आणि खरंच बसनं यायला लागले. स्टाफरूममध्ये अण्णा आले की सर लॅबमध्ये जायचे. गाडीत मागं मी एकटा. मोबाईल सरांचा, त्यामुळं बाळूही अडकला! ज्योती खिडकीतनं बाहेर बघत बसायची. अण्णा तिला म्हणायचे, "डबी उघड की." ती म्हणायची, "भूक न्हाय अण्णा." चटणीची डबी तशीच परत जायची.

एका सकाळी अण्णांनी गाडी हायवेकडं न घेता बसस्टँडच्या बाजूला वळवली. कांबळे सर बसची वाट बघत उभे होते. अण्णांनी काच खाली केली.

"सर, बसा. दोनच भाग राहिल्यात."

सर जागचे हलले नाहीत. "संशय गेला?"

"न्हाय," अण्णा म्हणाले. "पण बसा."

मागनं बसवाला हॉर्न मारत होता. सर दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसले. काकती गेल्यावर सरांनी मोबाईल पुढं ज्योतीच्या हातात दिला.

* * *

शेवटची लढाई आम्ही जाताना ऐकली. हो, ऐकलीच म्हणतो, कारण आम्ही दोघं मागं बसून बघत होतो तरी ध्यान ज्योतीच्या आवाजाकडं होतं.

बाळू आणि धुराचा राजा समोरासमोर. राजा हरायला आलेला. तलवार उगारली बाळूनं, आणि राजा हसला.

ज्योती वाचत होती, "राजा म्हणतो, 'मारशील मला. पण दार कुणी उघडलं ते माझ्याबरोबर जाईल. एवढं सांगतो, तो माणूस आत्ता तुझ्या पाठीमागं उभा हाय.'"

बाळूच्या पाठीमागं तिघंही उभे होते. धनुष्यवाला, मुखवटेवाला, म्हातारी.

"वळला का?" अण्णांनी विचारलं.

"न्हाय अजून."

"वळ की रं!" अण्णांनी स्टीअरिंगवर हात आपटला.

पडद्यावर बाळूचा चेहरा जवळ आला. सगळ्या सीझनभर ज्या क्षणाची वाट बघितली तो क्षण मानेच्या एका वळणावर आलेला. मागं कुणाच्या तरी पायाखाली खडा वाजला. बाळूनं डोळे मिटले, उघडले. वळला नाही.

ज्योतीचा आवाज एकदम बारीक झाला. "बाळू म्हणतो, 'माझी पाठ उघडी हाय. ज्याला मारायचं असंल त्यानं मारावं. मी आता पुढं बघणार.'"

तलवार खाली आली. राजा संपला. मागनं कुणीही वार केला नाही. मग बाळू जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. म्हातारीनं पुढं येऊन वाटी दिली. तिनं आधी खायच्या आत त्यानं पहिला घास घेतला. सीझन संपला!



"आणि दार?" अण्णा म्हणाले.

"सांगितलं न्हाय," ज्योती म्हणाली.

"म्हंजे? बारा भाग बघितलं आणि सांगितलंच न्हाय?"

कांबळे सर म्हणाले, "अण्णा, पहिल्या भागात तो दगडाला पाठ लावून झोपायचा. आठवतंय? आणि आज..."

"मूर्ख हाय," अण्णा म्हणाले. "पाठ उघडी टाकून कोण लढतंय का?"

पण कॉलेजच्या गेटवर आम्ही उतरलो तरी अण्णा गाडीतच बसून राहिले. पहिल्या तासाला उशिरा आले. वर्गात पोरांनी उशीर का म्हणून विचारलं तर म्हणाले, "एका नातेवाईकाचं काम होतं."

* * *

मग डिसेंबरात ज्योतीला धारवाडला नोकरी लागली. तिचा शेवटचा दिवस. सकाळी चौघंही गाडीत. कांबळे सरांनी खव्याचा कुंदा आणलेला, तो फिरत होता. ज्योती मात्र खात नव्हती. रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत होती.

तवंदीचा घाट सुरू झाला. पुढं ऊस भरलेला ट्रॅक्टर, मागं ट्रक.

"अण्णा," ज्योती म्हणाली. "मला एक सांगायचंय."

"बोल की."

"जूनमधलं हाय. तुमच्या क्लासचं. प्रिन्सिपल सरांना..."

माझा हात कुंद्याच्या डब्यात तसाच राहिला. कांबळे सरांनी माझ्याकडं बघितलं. अण्णांचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते.

"ज्योती," अण्णा म्हणाले, "घाट हाय."

"अण्णा, पण आज न्हाय सांगितलं तर परत..."

"पुढं ट्रॅक्टर हाय. मागं ट्रक हाय. उतरू दे मला नीट."

वळणं एकामागनं एक गेली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही. खाली निपाणी दिसायला लागली, मग जवळ आली, मग तंबाखूचा वास काचेतनं आत आला. कॉलेजच्या गेटसमोर अण्णांनी गाडी उभी केली. इंजिन बंद केलं.

ज्योती हलली नाही. म्हणाली, "अण्णा, घाट संपला."

"व्हय," अण्णा म्हणाले. "मग उतर की बाई. पहिला तास तुझाच हाय."