आत्याचा उंट

डॉक्टरांना 'आपण' म्हणायची भारी खोड. "आपण आता वाकायचं नाही. आपण पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. आपलं वय झालं आता."

"तुमचं झालं असेल," आत्या म्हणाली. "माझी नुसती पाठ गेलीय." आणि कमरेला पट्टा आवळून ती दवाखान्यातून घरी न जाता थेट गाळ्यावर आली.

गाळा म्हणजे तिचं वर्कशॉप. तीन भिंती, वर पत्रा, समोर शटर. गेली सव्वीस वर्षं तिथं ती जळालेल्या मोटारी भरत होती. पंपाची असो, गिरणीची असो, आतली जळकी तार उपसून काढायची, नवी गुंडाळायची आणि मोटार पुन्हा गरगरा फिरवून दाखवायची. आधी भावाची पोरं तिला आत्या म्हणायची, मग गिऱ्हाइकं म्हणायला लागली, आणि आता तर तिच्याहून दहा वर्षांनी मोठा भंगारवालाही आत्याच म्हणतो.

तारेचं वजन काही नाही हो, पण मोटारीचं असतं. मोठी मोटार आली की आत्याला रस्त्यावर येऊन उभं राहावं लागे. "अहो, जरा हात लावता का?" लोक हात लावत, पण नुसता हात कोण लावतो? सोबत तोंडही लावत. एक म्हणे, "शिवणयंत्र घ्यायचं होतंत, हलकं असतं." दुसरा म्हणे, "घरात कुणी पुरुषमाणूस नाही का?" आत्या दात ओठ खात चौथा कोपरा स्वतः उचलायची. आता तो चौथा कोपराही डॉक्टरांनी काढून घेतला.

धाकट्या भावाला हे कळायचाच अवकाश. गाळा दोघांच्या नावावर होता. भावाचं प्रत्येक वाक्य एकाच दारातून बाहेर पडे. "माझं काय म्हणणं आहे, ताई." त्याचं म्हणणं रोज असे, करणं कुणी पाहिलं नव्हतं.

"माझं काय म्हणणं आहे, तो सोफेवाला दुकानाला जागा शोधतोय, गाळा आपण त्याला देऊ. तू घरी आराम कर."

"किती दिवस?"

"म्हणजे?"

"आराम. किती दिवस करतात तो?"

भाऊ जरा गडबडला. मग त्याला वाटलं, आपल्याला भारी युक्ती सुचलीय. "महिनाअखेरीला गिरणीची दीडशे किलोची मोटार येतेय ना? कुणाचाही हात न लागता टेम्पोतून उतरवून दाखव. जमलं तर सोफेवाल्याला मी स्वतः नाही म्हणतो. नाही जमलं तर सही करायची, तोंड न वाजवता."

"ठरलं," आत्या म्हणाली. इतक्या झटकन म्हणाली की भावानं आपलीच अट मनातल्या मनात पुन्हा एकदा तपासून पाहिली.

दुसऱ्या दिवशी ती भंगारवाल्याकडे गेली. हातानं साखळी ओढली की हूक वर चढतो, अशी चेन पुली तिला हवी होती. भंगारवाल्यानं एक काढली, फुंकर मारली, छातीला लावली. "एकदम नवीन आहे आत्या. फक्त जुनी आहे."

आत्यानं साखळीची कडीन् कडी बोटांखालून घातली. अठराव्या कडीला थांबली. "ही कडी जांभई देतेय."

"दमली असेल."

"मग तिला झोपू दे. दुसरी काढ." तिसरी पुली तिला पसंत पडली.

ती तिनं छपराच्या लोखंडी पट्टीला टांगली, खाली एक लहानशी मोटार अडकवली आणि साखळी ओढली. मोटार जागची हलली नाही. छप्परच तिला भेटायला खाली यायला लागलं! पत्रे असे किंचाळले की शेजारचा शिंपी गळ्यात मोजपट्टी घेऊन रस्त्यावर पळाला आणि पाठोपाठ भाऊ हजर.

"माझं काय म्हणणं आहे, छप्पर पाडायचंच होतं तर सोफेवाल्यानं फुकट पाडलं असतं."

आत्यानं साखळी सैल केली. आपलं ओझं आपण दुसऱ्याच्या डोक्यावर टांगलं, चूक आपली, हे तिला कळलं; पण भावासमोर ती कबूल करणार होती थोडीच? "छपराची परीक्षा घेत होते," ती म्हणाली. "नापास झालं. आता स्वतःच्या पायांवर उभं राहणारं काहीतरी करते."

तिनं खडूनं जमिनीवरच खऱ्या मापाचं चित्र काढलं. जुन्या पाण्याच्या पाइपांचे चार पाय, दोन या टोकाला, दोन त्या टोकाला. वर आडवा गर्डर. जोडायला सगळीकडे जाड लोखंडी पट्ट्या आणि नट-बोल्ट. शिंप्यानं विचारलं, "वेल्डिंग का नाही करत?" तर म्हणाली, "माझ्या वेल्डिंगवर मी मांजरसुद्धा टांगणार नाही. नट आवळलेला दिसतो तरी."

पण गर्डर वर चढवणार कोण? रस्त्यावर जाऊन हात मागायचा नाही, हे तर ठरलेलं. आत्यानं गर्डरच्या एका टोकाखाली गाडीचा जॅक लावला, चार वेढे फिरवले, खाली एक वीट सारली. मग दुसऱ्या टोकाला तेच. वीट साधारण तीन किलोची, म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबात बसणारी. पाच दिवस एक वीट इकडे, एक वीट तिकडे. गर्डर गोगलगाईसारखा वर चढला आणि तिनं त्याच्याखाली पाय जोडले. विटा काढल्या तर पायांनी फतकल मारायला सुरुवात केली! पुन्हा विटा. मग प्रत्येक जोडीचे दोन पाय तळाशी एका पट्टीनं एकमेकांना बांधून टाकले. तळाला दवाखान्याच्या मोडक्या खाटेची चाकं लावली.

शिंपी लांबून म्हणाला, "उंट दिसतोय." संध्याकाळपर्यंत अख्खा रस्ता उंटच म्हणत होता.

उंट उभा राहिला खरा, पण पेलणार किती? दोनशे लिटरचं रिकामं पिंप आत्यानं हुकाला अडकवलं, जमिनीपासून वीतभर वर घेतलं आणि त्यात नळाची नळी सोडली. नळाला पाठ नसते, तो कितीही वजन चढवतो. गर्डर किती वाकतो ते कळावं म्हणून त्याच्या खालच्या कडेला लागून, या टोकाच्या पायापासून त्या टोकाच्या पायापर्यंत तिनं एक दोरा ताणून बांधला होता. पाणी वाढत गेलं. पन्नास. शंभर. दीडशे, म्हणजे गिरणीची मोटार. पिंप काठोकाठ भरलं आणि गर्डर दोऱ्याच्या खाली जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा उतरला. दोन तास तिनं तो तसाच ठेवला, स्टुलावर बसून त्याच्याकडे रोखून पाहत. पाणी सोडलं तसा गर्डर परत दोऱ्याला येऊन टेकला.

"पास," आत्या पुटपुटली.

महिनाअखेरीला टेम्पो आला. भाऊ आधीच आला होता, हातात सहीचा कागद. सोबत सोफेवाला, भिंतींवर पावलं मोजल्यासारखी नजर फिरवत. "इथं एल आकाराचा मस्त बसेल," तो म्हणत होता.

टेम्पोवाला खाली उतरला. "माणसं कुठायत?"

"मी आहे."

"माणसं म्हणतोय, आत्या."

"मीही तेच म्हणतेय. रिव्हर्स घे."

टेम्पोचं मागचं अंग उंटाच्या पोटाखाली शिरलं. आत्यानं उंटाच्या चाकांना लाकडी पाचरी मारल्या, मोटारीच्या डोक्यावरच्या कडीत हूक घातला आणि साखळी ओढू लागली. कट, कट, कट. हातभर साखळी ओढावी तेव्हा मोटार केसभर उठे. पाठ ताठच्या ताठ, हलत होते ते फक्त हात.

"डावीकडे! अगं हळू! आता थांब!" भाऊ सुरू झाला.

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस. उंट माझा आहे."

मोटार सुटली आणि हलकेच झुलली. एक पाचर सरकली, चाक बोटभर पुढे गेलं. गर्डर कुरकुरला. भाऊ ओरडला, "ताई!" आणि दोन्ही हात पुढे करून मोटारीकडे धावला.

"हात लावू नकोस!" आत्या अशी गरजली की तो जागीच थिजला. "लागला तर पैज तू जिंकशील. मागे हो!"

भाऊ हात तसेच हवेत ठेवून दोन पावलं मागे झाला. आत्यानं साखळी सोडली. सोडली तरी मोटार तसूभर खाली आली नाही, पुलीच्या आतल्या खटक्यानं ती धरून ठेवली होती. पायानं पाचर परत ठोकली, झुलती मोटार स्थिर होईपर्यंत वाट पाहिली.

"आता टेम्पो पुढे घे."

"आणि मोटार?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

"ती इथंच राहील."

टेम्पो निघून गेला. मोटार एकटी हवेत उभी राहिली, दीडशे किलो, कुणाच्याही खांद्याशिवाय. मग आत्यानं पायानं खाली दोन फळ्या सरकवल्या आणि कट कट करत ती त्यांच्यावर अलगद टेकवली.

सोफेवाल्यानं भावाकडे पाहिलं. "मग आपलं काय?"

भावानं तोंड उघडलं. एरवी तिथून एक म्हणणं बाहेर पडायचं. आज नुसतं एवढंच पडलं, "नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. गाळा चालू आहे, दिसत नाही का?"

सोफेवाला गेला. भाऊ कागद हातात घेऊन घुटमळत राहिला. "पण ताई, डॉक्टरांनी पाच किलो सांगितलं होतं..."

"मी साखळी ओढली. उचललं उंटानं. त्याला कुठल्या डॉक्टरनं मना केलंय?"

आणि तिनं भावाच्या हातातला तो सहीचा कागद काढून घेतला, उलटसुलट पाहिला आणि मोटारीच्या झाकणाखाली नीट अंथरला. गिरणीच्या मोटारी उघडल्या की काळं तेल गळतं.

"बारा नंबरचा पाना दे," ती म्हणाली. "आता लाव हात."