हाराखालचं लाल कार्ड

रानांच्या जागी कंपन्यांच्या शेडी उभ्या राहिल्या, तेव्हा मी निघोज्यात घरामागं सहा खोल्या बांधल्या. त्या खोल्यांत किती जिल्ह्यांची माणसं राहून गेली. चौथ्या खोलीत मात्र सतरा वर्षं एकच बिऱ्हाड आहे, जालन्याकडून आलेल्या कस्तुराचं. तिची ही गोष्ट ती स्वतः कधी सांगायची नाही, म्हणून मी सांगतो.

कस्तुरा महाळुंग्याच्या एका प्रेसशॉपमध्ये होती. पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढायचे, ते हिच्या टेबलावर यायचे, ही तपासायची. तिथले सुपरवायझर रंगराव म्हणजे जुना, कडक माणूस. त्यांचा एक नियम होता. ज्याला खोट दिसेल त्यानं त्या नगाला लाल कार्ड बांधायचं, खोट लिहायची, खाली स्वतःचं नाव लिहायचं. आणि खोट सुधारलेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कार्ड सोडायचं नाही.

"नाव कशाला, साहेब?" तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"बोट दाखवायला नाव लागत न्हाई, पोरी," रंगराव म्हणाले. "कार्डाला लागतं."

त्याच प्रेसशॉपमध्ये वर्षाली नावाची एक मुलगी संगणकावर हजेरीचं सॉफ्टवेअर बसवायला आली. कस्तुरानं चहाच्या सुट्टीत तिच्या मागं उभं राहून चार चुका दाखवल्या. वर्षाली चिडली नाही. तिनं नंबर मागून घेतला. पुढं ते प्रेसशॉप दुसऱ्या गावी हललं आणि कस्तुरा रावेतला, वर्षालीनं स्वतः काढलेल्या ऑफिसात रुजू झाली. खाली टाइल्सचं दुकान, वर नऊ माणसं. पोरं सॉफ्टवेअर लिहायची, कस्तुरा ते वापरून तपासायची. लाल कार्डांचा गठ्ठा तिनं सोबत नेला होता. खोट सापडली की त्या संगणकाच्या पडद्याला कार्ड बांधायची.

संघर्ष नावाचा पोरगा रोज सकाळी विचारायचा, "मावशी, आज माझ्या नावानं काही आहे का?"

"तुझ्या नावानं नाही रे. माझ्या नावानं आहे. चूक तेवढी तुझी."

गेल्या वर्षी ऑफिसला वाईट दिवस आले. दोन जुनी गिऱ्हाइकं स्वस्तात करून देणाऱ्यांकडं गेली. वर्षालीनं कुणाला अंधारात ठेवलं नाही. डेन्मार्कची एक कंपनी इकडं काम द्यायला माणसं शोधत होती. कारखान्यात मशीन कधी बंद पडलं, किती वेळ बंद राहिलं, हे दाखवणारं सॉफ्टवेअर त्यांना करून हवं होतं. नमुना मागवला होता. शर्यतीत तिघं होते, आणि त्यांतला एक निम्म्या पैशात करायला तयार होता. हे काम नाही मिळालं तर दिवाळीपर्यंत ऑफिसला कुलूप. पोरांना कुठंही नोकरी मिळाली असती. सत्तेचाळीस वर्षांच्या कस्तुराला कुणी घेतलं नसतं.

बिर्गिट नावाच्या बाई नमुना बघायला येणार, त्याच्या आदल्या दुपारी कस्तुराला खोट सापडली. पहिली शिफ्ट तीनला सुटते. मशीन पावणेतीनला बंद पडलं आणि दुसऱ्या शिफ्टच्या माणसानं ते सव्वातीनला चालू केलं, तर पडदा पुरा अर्धा तास त्या दुसऱ्या माणसाच्या नावावर टाकत होता. तिनं कार्ड बांधलं.

संघर्षनं डोकं धरलं. "सकाळपर्यंत नाही होणार मावशी. सगळं मुळापासून बदलावं लागेल."

वर्षाली जवळ आली. "ताई, उद्याचा एक दिवस कार्ड काढून ठेवू या का?"

"सुधारलं की काढीन."

वर्षाली आपल्या टेबलाकडं परत गेली.

सकाळी संघर्ष चिंचवडहून झेंडूचा हा एवढा हार घेऊन आला आणि पाहुणीच्या स्वागताला म्हणून त्यानं तो बरोब्बर त्याच पडद्यावर चढवला. कार्ड झाकलं. कस्तुराचा हात वर गेला. मग तिनं भोवतालचे चेहरे पाहिले, आणि हात खाली घेतला.

बिर्गिटबाई आल्या, उंच, शांत. नमुना चालवून पाहिला. "तयार आहे?" असं त्यांनी एकेकाला विचारलं. एकेकानं हो म्हटलं. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या टेबलावर गेली.

"या काय करतात?"

"तपासतात," वर्षाली म्हणाली.

"मग यांना विचारा. तयार आहे का?"

संघर्ष मला नंतर ओट्यावर बसून सांगत होता, "काका, माझी नजर त्या हारावरच होती बघा." कस्तुरा उठली. तिनं हार उचलून बाजूला ठेवला, कार्ड सरळ केलं आणि म्हणाली, "तयार नाही."

मग शिफ्टची सगळी गोष्ट सांगितली, मराठीतच. वर्षालीचा चेहरा उतरला होता, पण तिनं एक शब्द न गाळता इंग्रजीत करून सांगितली. त्याबद्दल कस्तुरा आजही तिला मानते.

"हे असंच राहिलं असतं तर काय झालं असतं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. दोन दिवस माणसानं फुकट बोलणी खाल्ली असती. तिसऱ्या दिवशी मशीन बंद पडलं तरी त्यानं ते कळवायचं बटण दाबलं नसतं. मग तुमच्या पडद्यावर सगळं छानच दिसलं असतं."

बिर्गिटबाई खुर्चीत बसल्या. मागच्या वेळी त्यांनी सगळ्यात स्वस्त माणसांकडून हेच काम करून घेतलं होतं. पडद्यावर सहा महिने सगळं छान, आणि कारखान्यात मशिनं थंड. का, ते कुणालाच कळलं नव्हतं. "निम्म्या पैशातलं काम आम्ही एकदा घेऊन बसलोय," त्या म्हणाल्या. "ते पुन्हा करून घ्यायलाच तर इथं आले."

जाताना त्यांनी कार्डाचा फोटो काढला. पंधरा दिवसांनी पत्र आलं. काम रावेतला. पैसे कमी करा असा शब्दही नव्हता, अट एकच होती. तपासणीच्या टेबलावरून हो आल्याशिवाय त्यांच्याकडं काही पाठवायचं नाही.

त्या रविवारी कस्तुरा मला म्हणाली, "अण्णा, महाळुंग्याला सोडता का? पेढे द्यायचेत." मीच तिला गाडीवर घेऊन गेलो.

रंगराव आता थकलेत. दारात बाजेवर बसले होते. तिनं पाय धरले. म्हणाली, "साहेब, तुम्ही नाव लिहायला लावलं, म्हणून आज नऊ घरं चाललीत." मग सगळं सांगितलं, हारासकट.

म्हातारा कान देऊन ऐकत होता. "हार घातला तवा गप बसलीस व्हय?"

"बसले."

"मग त्येचं कार्ड?"

कस्तुरानं पर्स उघडली. लाल कार्ड लिहून आणलेलंच होतं. 'खोट झाकलेली पाहिली, गप्प बसले.' खाली तिचं नाव.

रंगरावांनी ते डोळ्यांजवळ धरून वाचलं. पुन्हा वाचलं. मग सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि खिशावर हात ठेवला.

"सुधारलेलं दिसलं," ते म्हणाले. "हे मी काढलं. आण आता पेढा."