उकंडा म्हणजे काय

"उकंडा? हे काय नाव झालं?" नव्या गुरुजींनी हजेरीच्या वहीतून डोकं वर काढलं. "उकंडा म्हणजे उकिरडाच ना गं?"

वर्ग खदखदून हसला. मी तिसरीत होते. चिमूरजवळच्या त्या शाळेत आमच्या बौद्ध मोहल्ल्यातली मी एकटीच. गुरुजींनी कोपऱ्यातला झाडू दाखवला. "घे. कचऱ्यानंच कचरा काढावा."

त्या दिवसापासून वर्ग मीच झाडायची. संध्याकाळी माय आख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी हाक मारायची, "उकंडेऽऽ!" मी लाजेनं अर्धी व्हायची. किती भांडले तिच्याशी. हेच नाव काऊन ठेवलं? ती नुसती चुलीत फुंकत बसायची.

चौथीत शाळा तपासायला साहेब येणार होते. गुरुजी म्हणाले, "असलं नाव त्यांच्यापुढं नको. आजपासून तू उज्ज्वला." मला आनंद झाला. आज लिहिताना लाज वाटते, पण झाला. नाव बदललं. झाडू मात्र माझ्याच हातात राहिला, आणि तो का राहिला हे कळायला मला फार वर्षं लागली.

मी उज्ज्वला म्हणूनच शिकले. नर्सिंगसाठी चंद्रपूरला होस्टेलवर राहिले. एका रविवारी माय आली. पहिल्यांदाच. हातात जवसाच्या चटणीचा डबा. मी मैत्रिणींबरोबर वरच्या गॅलरीत उभी होते. खाली फाटकावर ती सांगत होती, "माह्यी पोरगी राह्यते इथी. उकंडा."

"अशी कोणी नाही इथं, बाई," चौकीदार म्हणाला.

माझ्या शेजारची फिसकन हसली. "उकंडा! असं नाव असतं का कोणाचं?"

मायनं वर पाहिलं. मला पाहिलं. हसणाऱ्या पोरींना पाहिलं. मी मान फिरवली.

"नाई भाऊ," ती चौकीदाराला म्हणाली, "माह्यंच चुकलं. दुसरीकडं असन."

डबा तसाच घेऊन ती बसस्टँडकडे चालू लागली. एक जिना उतरायचा होता मला. मी उतरले नाही.

त्यानंतर ती मला नुसतं "बाई" म्हणायची. रागावली नाही, कधी विषयही काढला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेली आणि ऊन लागून मेली.

माती देऊन आल्यावर शेजारची म्हातारी मोठमाय माझ्याजवळ बसली. म्हणाली, "आता सांगतो तुले. तुह्याआधी चार लेकरं गेले. एकबी सव्वा महिन्याचं नाई झालं. तू झाली तं तुह्या मायनं तुले सुपात घातलं, उकंड्यावर नेऊन ठेवलं अन् मांगं न पाह्यता घरी आली. मांगं पाह्यलं का मरण वळखते, मायले पाह्यजे असलेलं लेकरू हाये म्हणून. तू रडून राह्यली होती. आयकत आयकत आली ते. मंग मी तुले उचललं. तिच्या दारात जाऊन म्हटलं, उकंड्यावर सापडली, पोसशीन का बाई?"

"मंग मले काऊन नाई सांगतलं तिनं?"

"मायनं सांगाचं नसते. मरण आयकते. तिनं फक्त जोरानं हाक माराची. हे कचरा हाये, नेऊ नोको, असं त्याले कळलं पाह्यजे."

मी तिथंच जमिनीवर डोकं आपटलं. जिनं मरणाला फसवून मला ठेवलं, तिला मी फाटकावरून परत पाठवलं होतं. याची माफी आता कोणाजवळ मागू? कोणीच उरलं नाही.

मुलचेऱ्याकडे आरोग्य केंद्रात नोकरी लागल्यावर मी नाव परत बदलायचा अर्ज केला. कार्यालयातले बाबू अर्ज वाचून हसले. "मॅडम, लोक असलं नाव टाकायला येतात. तुम्ही घ्यायला आल्या?"

"हो. लिहा."

त्यांनी लिहिलं. पण केंद्रातले डॉक्टरसाहेब अजून जुन्याच नावानं बोलावतात. परवा सगळ्यांसमोर म्हणाले, "मी आपलं उज्ज्वलाच म्हणतो हं सिस्टर. ते दुसरं नाव तोंडातून निघत नाही."

पेशंट बसले होते. बाळंतिणी बसल्या होत्या. मी हातातलं काम थांबवलं.

"तोंडातून काढा, सर. माझ्या मायनं ते गावभर ओरडून मला जगवलंय. उज्ज्वला म्हणून हाक मारली, तर मी येणार नाही."

त्यांनी समोरच्या कागदात मान घातली. मी खाली पाहिलं नाही.