आमचा मोती आणि पिशव्यांची यादी

कॉम्प्युटरची डागडुजी करणाऱ्या माणसाकडे किस्से साचतात ते गटारात पाला साचतो तसे. मुद्दाम कोणी आणून टाकत नाही. एक दिवस पाणी पुढे सरकेनासं होतं, काठी घालून बघावं तर सगळा ढीग तिथेच. माझे किस्से ऐकून मित्र हसतात. अर्ध्यापर्यंत हसतात, आणि मीही बहुतेक वेळा अर्ध्यावरच थांबतो. आज पुढचंही सांगतो.

आधी जागा समजून घ्या. शहाद्यात आमच्या संस्थेच्या दोन खोल्या आहेत आणि काम एकच आहे. सातपुड्यातल्या पाड्यांवर सिकलसेलचे जे पेशंट आहेत, त्यांना दर महिन्याला औषधाची पिशवी पाठवायची. आजार रक्ताचा, जन्मभराचा. गोळ्या चुकल्या की हातपाय धरतात, ताप चढतो, कधी कधी माणूस जातो. पाड्यांवर काम करणाऱ्या ताया आपापली यादी टाइप करून पाठवतात, त्या सगळ्या जोडून एक मोठी यादी बनते आणि तिच्यातून पिशवीवर चिकटवायच्या चिठ्ठ्या निघतात. यादीत नाव असेल तर चिठ्ठी, आणि चिठ्ठी असेल तरच पिशवी.

याद्या जोडायचा प्रोग्राम मी लिहिलेला, पर्ल नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत. मी कळसाडीचा गुजर. पुण्यातल्या नोकरीत पर्ल शिकलो आणि घरी परतलो तेव्हा तेवढं एकच धड येत होतं. "पर्ल म्हंजे काय, भाऊ?" असं सलीमभाईंनी विचारलं. म्हटलं, मोती. त्या दिवसापासून प्रोग्रामचं नाव मोती पडलं आणि तो अडल्यावर कॉम्प्युटर जो आवाज करायचा त्याला भुंकणं म्हणायला लागलो. "मोती भुकी ऱ्हायना," अशी हाक आली की मी हातातला चहा खाली ठेवायचो.

सलीमभाई म्हणजे आमचे ऑपरेटर. उभा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला, छापखाना बंद पडल्यावर आमच्याकडे आले. आणि सगळ्यांच्या वर मॅडम, आमच्या डॉक्टर. माणसं इतकीच.

* * *

एकदा मोती चालूच होईना. सलीमभाई आयकॉनवर दोनदा टिचकी मारायचे, काळी खिडकी उघडायची आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गुप्त. आत काहीतरी लिहिलेलं असायचं, पण वाचणार कसं? मी त्या दिवशी नंदुरबारला होतो. फोनवर म्हटलं, काय लिहिलंय ते सांगा.

"वाचाले टाईमच देस नही, भाऊ. उनी आनि चालनी गयी."

मग त्यांनी काय करावं? मोबाइलवर त्या खिडकीचं शूटिंग केलं आणि लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्या एका ओळखीच्या दुकानात नेलं. नवरी माप ओलांडते तो क्षण जसा थांबवतात, तशी त्याने ती खिडकी थांबवून दिली. तिच्यात लिहिलं होतं की पर्ल नावाचं काही या यंत्राच्या ओळखीत नाही. रात्रीत विंडोजने स्वतःला अपडेट करून घेतलं होतं आणि त्या गडबडीत मोतीचा पत्ता पुसला गेला होता.

सलीमभाईंनी फोनवर निकाल सांगितला. "पाच वरीस एकाच घरमा ऱ्हायनात, तरी म्हनस वळखत नही. आमना गल्लीमा बी असा लोके शेतस."

हा किस्सा मी नेहमी पूर्ण सांगतो.

* * *

गावातल्या दुरुस्तीवाल्याला एकदाच बोलावलं. त्याने खुर्चीवर बसायच्या आधीच विचारलं, "फॉरमॅट मारी देऊ?"

मॅडम पलीकडच्या खोलीतून म्हणाल्या, "आमच्याकडे पेशंटची नाडी तरी बघतात आधी."

तो गेला. तेव्हापासून जे काही बिघडतं ते माझ्या गळ्यात.

* * *

ठुमलीताई धडगावकडच्या पाड्यांवर काम करते. घरी पावरी बोलते, आमच्याशी शाळेतली मराठी, तोलून मापून. ती आमच्याकडे आली होती त्याच दिवशी चिठ्ठ्यांवर नावांऐवजी प्रश्नचिन्हं छापून आली. काळ्या खिडकीला देवनागरी झेपत नाही. जे अक्षर कळलं नाही तिथे ती एक प्रश्नचिन्ह ठोकते. आकडे मात्र नीट येतात. त्यामुळे प्रत्येक चिठ्ठीवर प्रश्नचिन्हांची एक माळ, पुढे वय, पुढे गोळ्या.

"आज तर बठ्ठा सवालच सवाल," सलीमभाई म्हणाले. बाहेर जीप उभी होती. घाट उजेडात चढायचा असतो म्हणून ड्रायव्हर हॉर्न मारत होता.

ठुमलीताईने तिच्या पाड्यांच्या चिठ्ठ्या घेतल्या आणि जमिनीवर मांडी घालून बसली. प्रश्नचिन्हं बोटाने मोजायची, वय बघायचं, गोळ्या बघायच्या. "ही रेली. हा जाण्या. ही रुमली." एकामागून एक पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटत गेल्या. आम्ही दोघं बघत राहिलो. आमच्या रजिस्टरात जेवढं नव्हतं तेवढं तिला पाठ होतं.

शेवटी दोन चिठ्ठ्या उरल्या. प्रश्नचिन्हं सारखी, वय सारखं, गोळ्या मात्र वेगळ्या, आणि त्या मॅडमनी त्याच महिन्यात बदललेल्या. मॅडम त्या दिवशी गावात नव्हत्या. ताईने दोन्ही चिठ्ठ्या माझ्या टेबलावर ठेवल्या.

मी म्हटलं, "ताई, अंदाजाने लावा. जीप थांबलीय."

"जीप जाऊ द्या, दादा. मी उद्याच्या एसटीने जाईन. तुमचं चुकलं तर तुम्ही परत छापाल. माझं चुकलं तर मी काय करू?"

ती खरंच थांबली. संध्याकाळी मी मोती दुरुस्त केला आणि दुसऱ्या दिवशी ती त्या दोन पिशव्या मांडीवर घेऊन गेली. हिच्यासारखं आपल्याला कधी वागता येईल का, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

* * *

मी आठ दिवस आजारी होतो तेव्हाचं. टेंबरपाडा हे नवं गाव यादीत घालायचं होतं. फोनवर सलीमभाईंना सांगितलं, वरची ओळ तशीच खाली उतरवा आणि फक्त गावाचं नाव बदला. त्यांनी चोख उतरवली. पण विंडोजमध्ये फाइलचा पत्ता लिहिताना मध्ये तिरकी काडी लागते आणि पर्लमध्ये ती दोनदा द्यावी लागते. सलीमभाईंच्या प्रूफ तपासणाऱ्या डोळ्यांना ते खुपलं.

"आठे दोन-दोन काड्या कसाले? एक मी पुसी टाकी," त्यांनी मला नंतर अभिमानाने सांगितलं. "अशी चूक मी कव्हयच सोडी नही."

एकच काडी उरली आणि तिच्यापुढे टेंबरपाड्याचा इंग्रजी 'टी' आला. पर्लच्या लेखी त्या जोडीचा अर्थ होतो मोकळी जागा. मोती भलत्याच नावाची फाइल शोधत गेला, ती मिळाली नाही आणि तो काही न बोलता पुढच्या गावाला लागला. महिनाभर टेंबरपाड्याला एकही पिशवी गेली नाही.

काडी सलीमभाईंनी पुसली हे खरं, पण दोष माझा होता. फाइल उघडली नाही तर ओरड, असं मी मोतीला शिकवलंच नव्हतं. मॅडम मला म्हणाल्या, "तुझं कुत्रं चोर आल्यावर भुंकत नाही आणि बाकी दिवसभर भुंकतं."

मला ते लागलं. त्याच आठवड्यात मी प्रोग्रामभर 'डाय' हा शब्द पेरला. पर्लमध्ये त्याचा अर्थ, जरा काही खटकलं की जागच्या जागी मर आणि कुठल्या ओळीवर मेलास ते सांगून मर.

* * *

आता मोती वरचेवर मरायला लागला. एखादं नाव आमच्या रजिस्टरशी जुळलं नाही की मेला. ऑफिसात तो शब्द इतका रुळला की त्याचं काही वाटेनासं झालं.

अक्कलकुव्याकडचा दित्या बहिणीची पिशवी न्यायला स्वतः आला होता. पहाटे पाड्यावरून चालत निघाला, खापरला गाडी धरली, आमच्या बाकावर येऊन बसला. हातात बहिणीची जुनी रिकामी पिशवी होती, तिच्यावर मार्करने यादीतला तिचा नंबर मोठा घातलेला, बावीस. मी आतल्या खोलीत होतो.

सलीमभाईंनी बाहेरून हाक दिली, "भाऊ, बावीस नंबर मरी गया!"

बाविसाव्या ओळीतल्या नावात एक वेलांटी चुकली होती. पाच मिनिटांचं काम. ते करून मी बाहेर आलो तर बाक रिकामा. पिशवी घडी घालून बाकावर ठेवलेली होती.

सलीमभाई वयाने साठीचे, पण बसस्टँडपर्यंत पळाले. दित्या सुटायच्या बेतातल्या गाडीत खिडकीशी बसला होता. सलीमभाईंनी त्याला हात धरून खाली उतरवलं आणि जीव तोडून समजावलं, कॉम्प्युटर मेला, बहीण नाही, तुझी बहीण चांगली शे. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी निघालो तवा भाकर थापत व्हती ती. पण काम्पुटरात आलं म्हणजे खरं असंल, असं वाटलं."

सलीमभाईंनी तो शब्द ऑफिसात पुन्हा उच्चारला नाही. आणि मॅडम मला म्हणाल्या, "मोतीचं हे मरणं बंद कर. नाव जुळलं नाही तर बाजूला ठेव आणि गुपचूप पुढे जा म्हणावं." मी तसं केलं. न जुळलेली नावं वेगळ्या फाइलीत जाऊन पडायला लागली. दर महिन्याला ती फाइल उघडून बघायची असं ठरलं होतं. बघायची कोणी, ते ठरलं नव्हतं.

* * *

ठुमलीताई ज्या कॉम्प्युटरवर यादी टाइप करायची तो पावसाळ्याच्या तोंडाला बंद पडला आणि त्याच्या जागी दुसरा एक जुनाच कॉम्प्युटर आला. पावसाळ्यात तिकडे फोन लागत नाही. ती यादीचा पेनड्राइव्ह जीपवाल्याबरोबर पाठवायची.

पहिल्या महिन्यानंतर पेनड्राइव्हला रबरबँडने एक चिठ्ठी बांधून आली. 'रुमलीची पिशवी आली नाही.' मी ताईची यादी उघडली. रुमलीचं नाव तर सगळ्यात वर होतं. मी चिठ्ठीच्या मागे लिहिलं, 'नाव आहे. पिशवी वाटेत बघा.' जीपमधून एखादी पिशवी पडते कधीमधी.

दुसऱ्या महिन्यात पुन्हा चिठ्ठी आली. 'रुमलीची पिशवी आली नाही. तिची आई म्हणते, पोरगी बरी झाली म्हणून मॅडमनी औषध बंद केलं. खरं का?' मी पुन्हा यादी उघडली, पुन्हा नाव वरच. लिहिलं, 'बंद केलेलं नाही. नाव आहे.' मॅडमना विचारायला मी उठलोसुद्धा नाही, कारण मला समोर नाव दिसत होतं.

तिसऱ्या महिन्यात चिठ्ठी आली नाही. मी म्हटलं, चला, मिटलं.

दिवाळीच्या सुमाराला दुसरंच काही शोधताना ती बाजूला टाकलेल्या नावांची फाइल हाताला लागली आणि तिच्यात रुमलीचं नाव दिसलं. मग दोन दिवस खपलो आणि भानगड सापडली. ताईकडच्या त्या कॉम्प्युटरचं नोटपॅड फाइल साठवताना तिच्या अगदी सुरुवातीला एक खूण टाकतं. ती डोळ्यांना दिसत नाही, छापली तरी दिसत नाही. ती पहिल्या नावाला चिकटायची. मला ते नाव रुमली दिसायचं आणि मोतीला दुसरंच कोणीतरी. नाव जुळलं नाही की तो शिकवल्याप्रमाणे बाजूला ठेवून गुपचूप पुढे जायचा. एका ओळीत मी ते दुरुस्त केलं. खोटं कशाला बोलू, इतकी बारीक गोष्ट सापडली म्हणून मला आनंद झाला होता.

दोन दिवसांनी ठुमलीताई नवी यादी घेऊन स्वतः खाली आली. वाट आता मोकळी झाली होती. मी तिला खुर्ची दिली, सलीमभाईंनी चहा मागवला. मी म्हटलं, "ताई, तुमची चूक नव्हती, जीपवाल्याचीही नव्हती. तुमच्या यादीतलं फक्त पहिलं नाव गळत होतं. बाकी सगळी बरोबर जात होती. एकच नाव."

"पहिलं?" तिने विचारलं.

"हो. फक्त पहिलं."

चहा आला, तो तिने बाजूला सरकवला. मग म्हणाली, "दादा, जो सगळ्यात जास्त आजारी असेल त्याचं नाव मी वर लिहिते. तुम्हाला आधी दिसावं म्हणून."

तिने पिशवीतून नवी यादी काढून माझ्यासमोर धरली. सगळ्यात वर जाण्याचं नाव होतं. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेलो. रुमलीचं नाव कुठेच नव्हतं.

ताईने यादी परत आपल्याकडे ओढली आणि टेबलावरचं माझं पेन उचललं.

"मग जाण्याचं नाव खाली लिहू का, दादा?"